पॅराग्लायडिंगची पहिली स्वतःची विंग: वजन ६८, तास ४०, हाय-बी मिळतेय, घेऊ का?

कर्वेनगर_ते_कामशेत

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. गेल्या सीझनला कामशेतला पी१ पी२ (पायलट कोर्सच्या पहिल्या दोन पायऱ्या) केलं, या सीझनला पी३ झालं, लॉगबुकात साधारण ४० तास आहेत, त्यातले बरेचसे संध्याकाळचं रिज सोअरिंग (डोंगराला आपटून वर येणाऱ्या वाऱ्यावर तरंगणं), थर्मलमधे (तापून वर चढणाऱ्या हवेत) मोजून सात-आठ तास असतील. आत्तापर्यंत स्कूलची ईएन ए विंग वापरली (ईएन म्हणजे युरोपियन सर्टिफिकेट, त्यात ए सगळ्यात सौम्य, मग बी, सी), आता पाऊस सुरू व्हायच्या आत स्वतःची बघून ठेवावी म्हणतोय म्हणजे ऑक्टोबरला रडत बसायला नको.

ओळखीतले एक जण त्यांची विकतायत. हाय-बी आहे, २०१७ ची, २०० च्या वर तास झालेत म्हणाले, ७० हजार मागतायत. नवीन घ्यायला गेलं तर तीन लाखाच्या आसपास जातं आणि तेवढे आत्ता नाहीयेत, घराचा हप्ता सुरू आहे. विंगवर वजनाची रेंज ८५ ते १०५ लिहिलीये, माझं वजन ६८, ते म्हणाले सामान धरून सहज ९० होतं, बसशील आरामात.

माझे प्रश्न असे की, एक तर ए घेतली तर दोन वर्षांत परत विकून बी घ्यावी लागेल, मग आत्ताच हाय-बी घेऊन तिच्यावर हळूहळू शिकत का जाऊ नये? दुसरं, संध्याकाळी वारा वाढला की ए वाले हवेत एका जागी उभे राहतात असं ऐकलंय, मग वेगवान विंग जास्त सेफ नाही का? आणि तिसरं म्हणजे सर्टिफिकेट दोन्हींवर ईएन बी च असतं तर हे लो-बी हाय-बी काय प्रकरण आहे?

स्वभावाचं पण सांगतो कारण इन्स्ट्रक्टर म्हणाले की आधी स्वतःला ओळख मग विंग बघ. जमिनीवर मी शांत आहे, घाई करत नाही. पण वर हवा उसळायला लागली की माझे हात खाली येतात, ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढायच्या दोऱ्या) घट्ट धरून बसतो, आणि रेडिओवर ‘हात वर, हात वर’ ऐकू येतं तेव्हा कळतं. हे सुधारतंय पण गेलेलं नाहीये. खरं सांगा, राग येणार नाही.

सह्याद्री_थर्मल

लहान असशील असं धरून अरे-तुरे करतोय. शेवटच्या परिच्छेदात तू जे लिहिलंयस तेच तुझं उत्तर आहे, बाकी सगळं तपशील. पण तपशील महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तिसरा प्रश्न. ईएन ९२६-२ ची टेस्ट कशी होते ते समजून घे. टेस्ट पायलट शांत हवेत, बहुतेक पाण्यावर, त्या साइझच्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजनाला विंग उडवतात आणि मुद्दाम बिघडवतात. एका बाजूचा कोलॅप्स (पंख दुमडणं), समोरचा कोलॅप्स, स्पायरल (गिरक्या घेत वेगाने खाली येणं), बिग इअर्स (दोन्ही टोकं मुद्दाम दुमडणं), बी-लाइन स्टॉल (दोऱ्यांची दुसरी रांग ओढून विंग खाली बसवणं), काही गोष्टी स्पीडबार (वेग वाढवायचा पायातला बार) दाबून पण. कोलॅप्स दिल्यावर पायलट काहीच करत नाही, हात वर ठेवून बसतो, आणि विंग किती अंश वळली, किती पुढे झेपावली, आपोआप उघडली का ते व्हिडिओवरून मोजतात. प्रत्येक गोष्टीला वेगळं अक्षर मिळतं आणि त्यातलं सगळ्यात वाईट अक्षर म्हणजे विंगचं अक्षर. म्हणजे वीस गोष्टींत ए आणि एकात बी आलं तरी ती बी. आणि खूपशा गोष्टींत बी आलेली विंग पण बी च. म्हणून बी चा पट्टा फार रुंद झालाय. लो आणि हाय हे ईएन ने दिलेले शब्द नाहीत, कंपन्यांचे आणि आपल्यासारख्यांचे आहेत, पण फरक खरा आहे. ओझोनचं बघ, मोजो ए आहे, बझ लो-बी, रश हाय-बी, डेल्टा सी. अ‍ॅडव्हान्सचं अल्फा, एप्सिलॉन, आयोटा, सिग्मा त्याच क्रमाने. बझ आणि रश दोघींवर बी लिहिलंय पण दोघी वेगळ्या माणसांसाठी बनवल्यात आणि कंपनी स्वतः मॅन्युअलमधे तसं लिहिते. ते पान वाच, बहुतेक जण वाचत नाहीत.

आता ही टेस्ट काय सांगत नाही ते बघ. शांत हवेत, मुद्दाम पाडलेला कोलॅप्स, आणि माणूस हात न लावणारा. एप्रिलमधे दुपारी दोन वाजता टॉवर हिलवर यातलं काहीच नसतं. हवा स्वतः विंग मोडते, तू तेव्हा वळत असतोस, आणि मुख्य म्हणजे तू हात लावतोस. तुझे हात खाली येतात हे तू स्वतःच लिहिलंयस. ए विंगला ब्रेकचा प्रवास लांब असतो, घाबरून एक वीत जास्त ओढलंस तरी ती सहन करते आणि सोडलंस की उडायला लागते. हाय-बी ला तोच हात तेवढाच खाली आला तर तू स्टॉलच्या (विंग उडायचीच थांबते त्या क्षणाच्या) बराच जवळ गेलेला असतोस. पंख लांबट असतो, आस्पेक्ट रेशो (लांबी-रुंदीचं प्रमाण) साडेपाचच्या पुढे, टोकं हलकी असतात, दुमडली तर लाइन्समधे (विंगच्या दोऱ्यांत) अडकून बसायची शक्यता जास्त. वाईट विंग आहे असं अजिबात नाही, ज्याचे हात शांत आहेत त्याला ती फार सुंदर वाटते कारण हवेतलं सगळं बोलून दाखवते. पण ज्याला आधीच जास्त ऐकू येतंय त्याला अजून बोलणारी विंग दिली की तो थकतो, आणि थकलेला माणूस ब्रेकला लटकतो.

मी गेली पंधरा वर्षं लोकांना विंग घेताना बघतोय, माझा एकच निकष आहे: तुमच्या सगळ्यात वाईट दिवशी, झोप झाली नाहीये, ऑफिसचं टेन्शन आहे, दोन महिन्यांनी उडताय आणि हवा अचानक बिघडली, त्या दिवशी तुम्ही जसे असता त्या माणसासाठी विंग घ्यायची. चांगल्या दिवशीच्या माणसाला कुठलीही विंग चालते.

दुसरा प्रश्न, वेग. ए विंग ट्रिमला (ब्रेक, बार काहीच न ओढता) साधारण ३६-३७ किमी जाते, हाय-बी ३८-३९. म्हणजे हात वर असताना फरक दोन किमीचा. स्पीडबारवर फरक वाढतो, पण रिजच्या जवळ, खडबडीत हवेत, ४० तासाचा पायलट बार पूर्ण दाबून बसणार आहे का? आणि बसला तर त्याच वेळी कोलॅप्स जास्त जोरात येतो. वारा एवढा असेल की दोन किमीने जीव वाचणारे तर त्या वाऱ्यात टेकऑफवर बसून वडापाव खायचा.

आता मला सांग, वर्षाला किती दिवस उडतोस? लॉगबुकातले तास विचारत नाहीये, ऑक्टोबर ते मे मधले दिवस.

बीर_वारी

वरचं बरंचसं पटतं पण मी थोडा वेगळा बोलणार आहे, दुसरी बाजू पण यायला हवी.

मी ६० तासांवर हाय-बी घेतली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. ए वर मी सुस्तावलो होतो, विंग सगळं स्वतःच सांभाळायची आणि मी फोटो काढत बसायचो. हाय-बी आल्यावर पहिल्यांदा कळलं की अ‍ॅक्टिव्ह फ्लाइंग म्हणजे काय, विंग पुढे जातेय हे डोक्यावर बघायच्या आधी बुडाला कळायला लागलं. पहिल्या सीझनला मी सकाळ-संध्याकाळच उडलो, दुपारी नाही. मग बीरला गेलो, झेलमने पठाणकोट आणि पुढे गाडी, तिकडे बिलिंगचा टेकऑफ २४०० मीटरच्या आसपास आहे, मागे धौलाधार, एका फ्लाइटला तीन-तीन तास मिळतात, कामशेतला महिन्याभरात होत नाहीत तेवढे तास एका आठवड्यात झाले. त्याच सीझनला एसआयव्ही (पाण्यावर विंग मुद्दाम बिघडवून सावरायला शिकवणारा कोर्स) पण केला. म्हणजे वाढायची इच्छा असेल आणि वेळ देणार असाल तर हाय-बी म्हणजे काही राक्षस नाही.

फक्त एक प्रामाणिकपणे सांगतो. मी तेव्हा नोकरी सोडलेली होती. त्या वर्षी ९० दिवस उडलो. नोकरी धरून शनिवार-रविवार उडणाऱ्याला मी हेच सांगेन का, माहीत नाही.

पवनाकाठ

मला आज लिहायलाच पाहिजे कारण कर्वेनगरवाल्या मित्राच्या जागी मी पाच वर्षांपूर्वी होतो, अगदी आकडे सुद्धा जवळपास तेच.

४५ तास, हाय-बी, सेकंडहँड, स्वस्त. मला पण हेच वाटलं होतं की परत परत कशाला खर्च. पहिले दोन महिने मस्त गेले, संध्याकाळी सगळ्यांच्या वर असायचो, टॉप लँडिंग करायचो, आणि मला वाटायला लागलं की मी चांगला पायलट झालो, खरं म्हणजे विंग चांगली होती आणि हवा मऊ होती. मग एप्रिलमधे एका शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला टेकऑफ केला. रिजच्या वर दोनशे फूट असेन. डावा अर्धा पंख एकदम गेला. आवाज येतो बघा, कापड फडफडल्याचा, तो अजून कानात आहे. शिकवलं होतं की आधी दिशा सांभाळ, वजन उजवीकडे टाक, उजवा ब्रेक थोडा, जेवढा लागेल तेवढाच, मग डावी बाजू उघड. मला सगळं पाठ होतं. हातांना पाठ नव्हतं. उजवा ब्रेक मी कमरेच्या खाली ओढला. उघडी असलेली बाजू पण स्टॉल झाली, विंग उलटी फिरायला लागली, स्पिन, मग घाबरून दोन्ही सोडले तर ती पुढे एवढ्या जोरात गेली की मला माझ्या समोर दिसली. रिझर्व्हचं (आणीबाणीच्या पॅराशूटचं) हँडल आठवलं सुद्धा नाही. करवंदाच्या जाळीत पडलो म्हणून मनगटावर भागलं. गावातले दोघं धावत आले, लाइन्स काट्यांतून सोडवायला त्यांनी एक तास घालवला, एक पण कापू दिली नाही त्यांनी, चहा पाजला आणि कामशेतपर्यंत सोडलं.

मनगट सहा आठवड्यांत बरं झालं. उडायला लागायला अकरा महिने लागले. ते अकरा महिने कुणी मोजत नाही, किमतीत धरत नाही. टेकऑफला जायचो, वारा बघायचो आणि लोकांच्या बॅगा उचलून परत यायचो.

मग इथल्याच एका सिनियरनी मला त्यांची जुनी ए दिली महिनाभर. पहिल्याच फ्लाइटला मी वर बसून आजूबाजूला बघितलं, पवनेचं पाणी, तुंग, तिकोना, लोहगड. हाय-बी वर दोन महिन्यांत मी लोहगडकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं, सतत वर विंगकडे नजर. त्या ए वर मी एका सीझनला ५० तास केले. तासांचा हिशोब लावायचा असेल तर असा लावा, ज्या विंगवर तुम्हाला उद्या परत जावंसं वाटतं ती विंग तुम्हाला शिकवते. आता लो-बी वर आहे, सुखी आहे.

आणि ‘ए वर सुस्ती येते’ याबद्दल, बीर_वारी राग मानू नका, ए वर सुद्धा पिच (विंगचं पुढे-मागे झुलणं) सांभाळायचा सराव करता येतो, थर्मलचा गाभा शोधता येतो, स्पॉट लँडिंग करता येतं. भातखाचरात बांधाच्या अलीकडे ठरलेल्या ठिकाणी दहापैकी आठ वेळा उतरता आलं की मग म्हणायचं ए संपली.

कर्वेनगर_ते_कामशेत

सगळ्यांचे खूप आभार, पवनाकाठ तुमचं दोनदा वाचलं.

दिवसांचं उत्तर: या सीझनला २६ दिवस कामशेतला गेलो, त्यातले ८-९ दिवस वारा नव्हता किंवा जास्त होता म्हणून उडलोच नाही. पुढच्या वर्षी पण यापेक्षा जास्त जमेल असं वाटत नाही, बहिणीचं लग्न आहे डिसेंबरमधे.

एक शंका, मग आता विंगच्या वयाचं काय? समजा ७० हजारात चांगली कंडिशन असेल तर आत्ता घेऊन ठेवायची आणि दोन वर्षांनी वापरायची असं केलं तर?

लाइन_बघणारा

दोन वर्षांनी वापरायला आज विंग घेऊ नका. कपाटात ठेवलेली विंग पण म्हातारी होते.

मी स्वतः विंग तपासायचं काम करतो, त्यामुळे हा भाग माझा. २०१७ ची, २०० च्या वर तास. पहिला प्रश्न विक्रेत्याला हा विचारा की शेवटचा चेक कधी झाला आणि रिपोर्ट दाखवा. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी किंवा शंभर-दीडशे तासांनी पूर्ण तपासणी सांगतात, जे आधी होईल ते. रिपोर्ट नसेल तर ती विंग ७० हजाराची नाही, तिची किंमत कुणालाच माहीत नाही.

तपासणीत आम्ही काय बघतो. कापडाची पोरोसिटी, म्हणजे कापडातून हवा किती झिरपते, ते मशीनवर सेकंदात मोजतात, नवीन कापडाला खूप सेकंद लागतात, जुनं झालं, उन्हात पडून राहिलं की पटकन हवा जाते. आपल्याकडे ऊन कडक आहे आणि लोक टेकऑफवर विंग उघडून ठेवून तासभर वाऱ्याची वाट बघत बसतात, ते करू नका, अल्ट्राव्हायोलेटने कापड मरतं. गुंडाळून सावलीत ठेवा.

त्यापेक्षा महत्त्वाच्या लाइन्स. हे लोकांना माहीत नसतं म्हणून नीट लिहितो. तुमचं बहुतेक वजन पुढच्या ए आणि बी लाइन्सवर (ही दोऱ्यांच्या रांगांची नावं, क्लासची नाही) असतं, त्या वर्षानुवर्षं ताणल्या जाऊन किंचित लांब होतात. मागच्या लाइन्सवर वजन कमी, त्या दमट हवेत, ओल्या-सुक्या होऊन आखडतात, डायनीमा नावाच्या धाग्याच्या जास्त. फरक एखाद-दोन सेंटीमीटरचाच असतो पण परिणाम असा की विंगचं नाक वर राहतं, जणू तुम्ही कायम थोडा ब्रेक धरलाय. मग टेकऑफला विंग डोक्यावर यायला आळस करते, मागे लटकते, हवेत हळू उडते, आणि स्टॉल जवळ येतो, बिग इअर्स किंवा बी-लाइन सोडल्यावर उडायला लागायच्या ऐवजी तशीच खाली बसत राहते. आता आधीच ब्रेक धरायची सवय असलेला पायलट, रेंजच्या खालच्या टोकाला असलेलं वजन आणि ट्रिम बिघडलेली हाय-बी, या तीन गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यावर एकत्र आणू नका. लेझरने सगळ्या लाइन्स मोजून लूप घालून बरंचसं दुरुस्त होतं, पूर्ण लाइनसेट बदलायचा तर वेगळा मोठा खर्च.

आणखी एक मावळातलं. जून ते सप्टेंबर विंग बॅगेत घट्ट दाबून पलंगाखाली ठेवतात. ओलसर असेल तर बुरशी. पूर्ण वाळवून, सैल घडी करून, कोरड्या कपाटात ठेवायची, आणि पावसाळ्यात एखादी उघडी कोरडी दुपार मिळाली की घरातच पसरून हवा द्यायची. घेताना बॅग उघडली की आधी वास घ्या, गंमत म्हणून सांगत नाहीये, कुबट वास आला तर न घेता घरी या.

रिझर्व्ह कधी पॅक झालं ते पण विचारा. स्वतःचा हार्नेस (अंगाला बांधायची बैठक) घेणार असाल तर त्याच्यासाठी पैसे बाजूला ठेवा. सगळे पैसे विंगमधे घालून रिझर्व्ह दहा वर्षांचं जुनं, असे खूप बघितलेत मी.

ताम्हिणीची_ती

वजनाचा मुद्दा लाइन_बघणाऱ्या दादांनी जाता जाता काढला पण मला त्यावर थांबायचंय, कारण माझं वजन ५० आहे आणि मी हे भोगलंय.

शिकताना स्कूलमधे माझ्या मापाची विंग नव्हती, मोठ्या विंगवर उडायचे. सगळे म्हणायचे वा, काय तरंगतेस. तरंगायचेच मी, संध्याकाळी सगळे लँड होऊन पॅकिंग करायचे आणि मी अजून वर, उतरता येत नाही म्हणून. रेंजच्या तळाला असलं की विंग हळू, ब्रेक मऊ लागतात, कापडातला ताण कमी म्हणून टोकं सारखी दुमडतात. दुमडणं सौम्य असतं, मान्य, पण वारा वाढला की पुढे जायला वेगच नाही. वजन दहा टक्के वाढलं की वेग साधारण पाच टक्के वाढतो, हे गणित सगळ्यांनी लक्षात ठेवावं. उलट रेंजच्या वरच्या टोकाला विंग घट्ट, वेगवान, पण वळताना आणि कोलॅप्सला जास्त चपळ. पहिल्या विंगला मधे किंवा मधल्याच्या थोडं वर असलेलं उत्तम, मी तरी तसंच घेतलं, एक्सएस साइझ, ईएन ए, आणि त्या दिवसापासून माझं उडणं बदललं. विंगचा क्लास न बदलता फक्त माप बदलून!

आणि ‘सामान धरून सहज ९० होतं’ यावर विश्वास ठेवू नका. सहज काही होत नाही. हार्नेस, रिझर्व्ह, विंग, हेल्मेट, बूट, जॅकेट, व्हेरिओ (वर-खाली जाण्याचा वेग दाखवणारं यंत्र), रेडिओ, पाणी, सगळं अंगावर घालून काट्यावर उभे राहा. घरचा बाथरूमचा काटा चालत नाही, हार्नेसमुळे आकडाच दिसत नाही. किराणावाल्याकडे किंवा भंगारवाल्याकडे प्लॅटफॉर्म काटा असतो तो वापरा, लोक बघतात, बघू देत.

स्वभावाबद्दल एक. घाबरणारा आणि बेफिकीर असे दोनच प्रकार नसतात. मी घाबरत नाही, पण मी फार हात हलवते, सतत दुरुस्त्या करत राहते. अशा माणसाने चपळ विंग घेतली की तो स्वतःच विंगला झोके देत बसतो आणि त्याला वाटतं हवाच खराब आहे. माझा एक मित्र अगदी उलटा, थंड, काहीच करत नाही, त्याच्यासाठी पण ए च बरी कारण ती त्याची वाट न बघता उघडते. अजून एक, हार्नेस. लोक विंगचा महिनाभर अभ्यास करतात आणि सोबत झोपून उडायचा पॉड हार्नेस घेऊन टाकतात. पहिली स्वतःची विंग बसायच्या साध्या हार्नेसवर उडवा, पाय लांब करून झोपलेलं असताना विंग वळली तर राइझर्सना (लाइन्स आणि हार्नेस जोडणाऱ्या पट्ट्यांना) पीळ पडायला वेळ लागत नाही. छातीचा पट्टा पण मॅन्युअलमधे दिलेल्या मापाचा ठेवा, फार सैल सोडला की हवेतला प्रत्येक धक्का तुम्हालाच हलवतो, आणि मग परत हात खाली.

बीर_वारी

२६ दिवस आणि त्यातले १७ उड्डाणाचे. मग मी माझा सल्ला मागे घेतो. ए घे किंवा अगदी सौम्य लो-बी. आणि एसआयव्हीला पैसे साठव, खडकवासल्यात नाही होत तो, पोखरा वगैरे ठिकाणी फेवा तलावावर जावं लागतं, विंगमधे वाचलेले पैसे तिकडे लाव.

सह्याद्री_थर्मल

एसआयव्ही जरूर कर पण स्वतःच्या विंगवर एक सीझन झाल्यावर. आणि तोपर्यंत ग्राउंड हँडलिंग. मावळात भात कापून झालं की नोव्हेंबरात खाचरं मोकळी होतात, शेतकऱ्याला विचारून, बांध सांभाळून, दर शनिवारी सकाळी एक तास विंग डोक्यावर धरून उभा राहा. डोळे मिटून धर. हात खाली येण्याची सवय तिथे जाते, हवेत जात नाही, हवेत फक्त दिसते. विक्रेत्याला नाही म्हणताना वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांचा हेतू वाईट असेलच असं नाही, त्यांना तुझे हात माहीत नाहीत.

कर्वेनगर_ते_कामशेत

अपडेट देतो. काल स्कूलमधून हार्नेस आणि तिथलीच विंग मागून आणली आणि आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांच्या काट्यावर सगळं घालून उभा राहिलो, हेल्मेट सुद्धा, पाण्याची पिशवी भरून. ८६ किलो २०० ग्रॅम. म्हणजे ज्या विंगला ‘आरामात बसतो’ म्हणत होते तिच्या रेंजच्या तळापासून सव्वा किलो वर, आणि पाण्याची पिशवी रिकामी असली की तळालाच. काकांनी विचारलं हे काय आहे, सांगितलं, तर म्हणाले पडू नकोस बाबा, आणि पैसे घेतले नाहीत.

विक्रेत्यांना फोन करून नाही सांगितलं. चेकचा रिपोर्ट पण नव्हताच, विचारल्यावर म्हणाले कधी गरज पडली नाही. ते चिडले नाहीत.

आता ठरवलंय, ७५ ते ९५ च्या रेंजमधली ए किंवा लो-बी, सेकंडहँड चालेल, रिपोर्ट असलेली, चार वर्षांच्या आतली. बजेट दीड लाखापर्यंत ताणतो, रिझर्व्ह नवीन. गणपतीपर्यंत शोधणार. ए आणि लो-बी मधे नक्की कुठली ते मला अजून कळत नाहीये, स्कूलची ए सोडून दुसरं काहीच उडवलेलं नाही. ऑक्टोबरमधे कुणाची लो-बी एखाद्या सकाळी बघायला मिळेल का, उडवायला नाही दिली तरी चालेल, नुसती जमिनीवर धरून बघायचीय.

पवनाकाठ

माझी लो-बी ८० ते १०० ची आहे, तुझे ८६ तिच्यात बसतात. ऑक्टोबरचा पहिला कोरडा शनिवार, सकाळी सातच्या आत कामशेत स्टेशनला ये, पुण्याहून पहिली लोकल पकड, मी गाडी घेऊन असेन. दोन तास जमिनीवर, त्यानंतर इन्स्ट्रक्टर हो म्हणाले आणि वारा मऊ असला तर छोट्या टेकडीवरून एक फ्लाइट. दुसऱ्या दिवशी स्कूलच्या ए वर तेच सगळं परत कर आणि मग मला सांग कुठल्या विंगवर किती वेळा ‘हात वर’ ऐकू आलं.